पाँटून बोटीला मोठं इंजिन लावताना
अमेरिकेत मिनेसोटाच्या तळ्यांवर अ‍ॅल्युमिनियमच्या दोन नळ्यांवर तरंगणाऱ्या पाँटून बोटी पुष्कळ दिसतात. इंजिन बदलताना अनेकांना वाटतं, अश्वशक्ती दुप्पट केली की वेगही दुप्पट होईल. तसं होत नाही. वेगापेक्षा पाण्याचा विरोध झपाट्याने वाढतो. मग मोठं इंजिन नकोच का? तसंही नाही. माणसांनी भरलेली बोट वाऱ्यात सांभाळायला जादा जोर लागतोच. पण निर्मात्याच्या पाटीवरची कमाल अश्वशक्ती ओलांडू नका, वाढलेलं वजन मागच्या बाजूला पेलेल का ते तपासा आणि इंजिनाचा पाण्यातला पंखाही (प्रोपेलर) नव्याने निवडा. पूर्ण थ्रॉटलला मर्क्युरी कंपनीच्या ११५ अश्वशक्तीच्या फोरस्ट्रोक इंजिनाचे फेरे मिनिटाला ५००० ते ६००० हवेत. कमी भरले, तर पंख्याचा पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो तत्त्वतः जितका पुढे सरकतो ते अंतर, एका इंचाने घटवा. साधारण २०० फेरे वाढतील.