घोड्याची पाठ आणि खोगीर

मराठी भाषेंत कांहीं शब्दांवर फार अन्याय झाला आहे. 'खोगीरभरती' हा त्यांपैकीं एक. मासिकाचीं पानें भरण्यासाठीं घातलेली कविता, कचेरींत ओळखीपाळखीनें शिरलेला कारकून, निबंधांतील नसत्या विशेषणांची गर्दी, या साऱ्यांस आपण खोगीरभरती म्हणून मोकळे होतों. शाळामास्तर या नात्यानें मीहि पुष्कळ वर्षें मुलांच्या वह्यांवर तांबड्या शाईनें हा शब्द लिहीत आलों. वास्तविक मला तो अधिकार नव्हता. खोगिरांतील भरती वाईट असली म्हणजे काय होतें, हें मीं बाराव्या वर्षींच पाहिलें होतें. तें सांगण्यापूर्वीं थोडें शब्दांविषयीं बोलतों.

जीन, तंग, लगाम हे शब्द फारसी आहेत, रिकीब अरबी. खोगीर हाहि फारसीच. 'खोय' म्हणजे घाम आणि 'गीर' म्हणजे धरणारें. तेव्हां मूळचें खोगीर हें बसण्याचें आसन नव्हे, तर जिनाखालीं राहून घोड्याच्या अंगचा घाम टिपणारी जाड गादी होय. आपल्या बोलण्यांत मात्र ती गादीच सबंध आसन होऊन बसली. पलाण हा शब्द तेवढा आपल्या घरचा. संस्कृत 'पर्याण' यावरून आलेला. या शब्दांचे बारीक भेद विद्वानांनीं पाहावे. मी आज खोगीर हा एकच शब्द सगळ्यांसाठीं वापरणार आहें.

घोड्याची पाठ दुरून फळीसारखी सरळ दिसते. तशी ती नाहीं. मानेवरील आयाळ जेथें संपते तेथें एक उंचवटा असतो. तेथील मणक्यांचीं उभीं हाडें इतकीं उंच वाढलेलीं असतात कीं माथ्यावर कातडें आणि थोडे तंतू यांखेरीज त्यांस आच्छादन नाहीं. तेथून मागें कण्याची रेघ जाते. कण्याच्या दोहों अंगांस दोन लांबट मांसल पट्टे, आणि त्यांच्याखालीं बरगड्यांच्या कमानी. घोड्यास बरगड्यांच्या १८ जोड्या असतात. ओझें वाहण्याची जागा म्हणाल तर हे दोन मांसल पट्टे, आणि तेहि शेवटच्या बरगडीपर्यंतच. त्यामागची कंबर दिसायला भक्कम, पण तिला खालून बरगडीचा टेकू नाहीं. कण्यावर तर बोटभर भारहि पडतां कामा नये.

दुसरी गोष्ट खांद्याची. माणसाच्या गळ्याशीं असतें तें हांसळीचें हाड घोड्याला मुळींच नाहीं. त्याचे पुढचे पाय धडाला केवळ स्नायूंनीं आंवळून धरलेले असतात. पाय पुढें पडला कीं खांद्याच्या रुंद हाडाची वरची कड मागें सरकते. चालत्या घोड्याच्या खांद्यावर तळहात ठेवून पाहा, हें तात्काळ कळेल. खोगीर जर त्या हाडावर चढविलेलें असेल, तर दर पावलाला हाड त्यावर आदळणार. घोडें मग पाऊल आंखूड टाकूं लागतें, आणि धनी म्हणतो, "अलीकडे घोडें आळशी झालें."

म्हणून खोगीर ठेवतांना तें उंचवट्यावर किंचित् पुढेंच टेकवावें, आणि केंसांच्या कलानें हळूहळू मागें सरकवावें. जेथें तें आपणहून थांबेल, ती त्याची जागा. मागून पुढें ढकलूं नये. केंस उलटे होऊन त्यांचेंच कुसळ होतें. तंग कसल्यावर आणि स्वार वर बसल्यावरहि, पुढील कमानीखालीं आणि उंचवट्याच्या वर दोन-तीन बोटें सहज गेलीं पाहिजेत. 'स्वार बसल्यावर' या शब्दांवर माझा जोर आहे. पुष्कळ खोगिरें रिकामीं असतांना निर्दोष असतात! मागून डोकावलें तर दोन गाद्यांच्या मधून कण्याच्या वर उजेडाचा बोगदा आरपार दिसला पाहिजे.

भार किती आहे यापेक्षां तो कसा पसरला आहे, याला महत्त्व अधिक. मास्तरकीची संवय म्हणून एक हिशेब मांडतों. स्वार ६० किलोचा आणि खोगीर १० किलोचें धरा. दोन्ही गाद्या मिळून १२०० चौरस सेंटिमीटर जागेवर नीट टेकल्या, तर दर चौरस सेंटिमीटरला ६० ग्रॅमहि भार येत नाहीं. तेंच खोगीर वांकडें असून फक्त चार कोपऱ्यांवर, म्हणजे समजा एकूण १०० चौरस सेंटिमीटरवर टेकलें, तर भार ७०० ग्रॅम होतो, बारापट. स्वार तोच, घोडें तेंच, वाटहि तीच. एवढ्या दाबाखालीं कातड्यांतील बारीक रक्तवाहिन्या मिटतात, मांस उपाशी राहतें, आणि आंतून मेलेली जागा दोन दिवसांनीं वर फुटते. जखम वरून आंत जाते असें आपण समजतों. खोगिराची जखम बहुधा आंतून वर येते.

अरुंद खोगीर खांद्यामागें चिमट्यासारखें धरतें आणि पुढून उचललेलें दिसतें. फार रुंद असलें तर तें पुढें बसकण मारतें आणि कमान थेट उंचवट्यावर येते. कांहीं खोगिरें पुढें व मागें टेकून मध्यें अधांतरीं राहतात, जणूं ओढ्यावरचा सांकव. कांहीं उलट मध्येंच टेकून उखळावर ठेवलेल्या पाटाप्रमाणें डुलतात. यांवर लोकांचा आवडता उपाय एकच, आणखी एक घोंगडी! अरुंद खोगिराखालीं घोंगडी घालणें म्हणजे चावणाऱ्या जोड्यांत जाड मोजा घालणें होय. हाच उपाय आम्हीं केला होता.

माझ्या लहानपणीं आमच्या घरीं एक तट्टू होतें. लाल रंगाचें, ठेंगणें, स्वभावानें गरीब. वडील त्यावरून उमराण्याच्या बाजाराला जात. खोगीर आजोबांच्या वेळचें होतें, पण तट्टाला तें छान बसे, आणि त्याविषयीं कोणी कधीं विचार केला नव्हता. मग १९७२ चा दुष्काळ आला. ज्यांनीं तो पाहिला त्यांस वर्णन नको. माणसांना खडी फोडण्याचें काम तरी होतें. जनावरांना कांहींच नव्हतें. तट्टू वाळलें. कण्याच्या दोन्ही बाजूंचें मांस आटून तेथें खळगे पडले, आणि कालपर्यंत बेताचें असलेलें खोगीर आतां ढिलें होऊन पुढें उतरूं लागलें. वडिलांनीं तंग आणखी कसला. मी खालीं घोंगडीची घडी घातली; मग दुसरी घातली. घड्या मध्यभागीं जाड होत आणि कमान होती तेथेंच राही. एके दिवशीं तट्टू खोगीर पाहून मागें सरलें आणि पोट फुगवून माझ्या दंडाला चावलें. मीं त्याला छडीनें मारलें. त्या वयांत मला वाटलें, तें खोडकर झालें.

दोन दिवसांनीं घोंगडी उचलली तेव्हां तिला लस लागलेली होती. उंचवट्यावर रुपयाएवढी जागा सुजून फुटली होती.

आमच्या शिवारांत तेव्हां धुळ्याकडील ठेलारी धनगरांचा वाडा उतरला होता. त्यांचा सगळा संसार घोड्यांच्या पाठीवर. तंबू, भांडीं, कोंकरें, तान्हीं मुलेंसुद्धां. त्यांतील एक म्हातारे बाबा पाणी मागायला आले आणि तट्टाजवळच थांबले. जखम पाहून त्यांनीं औषध सांगितलें नाहीं. त्यांनीं खोगीर मागितलें. तें उलटें करून त्यांनीं गाद्या अंगठ्यानें दाबीत नेल्या आणि मला म्हणाले, "पोरा, इथं हात लाव." आंतली लोंकर घामानें आणि वर्षांनीं घट्ट होऊन तिचे गोळे झाले होते, अगदीं ओढ्यांतल्या गोट्यांसारखे. "दादा," ते वडिलांना म्हणाले, "घोडं बदललं, खोगीर बदललं न्हाई. आधी पाठ बरी होऊं द्या, मंग भरा."

पाठ बरी होण्यास दीड महिना लागला. मिठाच्या पाण्यानें धुणें आणि माशा वारणें, एवढाच उपचार. खरें औषध पाठ मोकळी ठेवणें हेंच. वडील तोंवर बाजाराला पायीं गेले. मग एका दुपारीं त्यांनीं ओट्यावर बसून गाद्या उसवल्या. जुनी लोंकर उन्हांत टाकली, धनगरांकडची नवी लोंकर बोटांनीं पिंजून घेतली, आणि चिमूट-चिमूट करून भरली. फार ठासलें तर गादी दगड होते, फार सैल ठेवलें तर आठवड्यांत बसते. मधून मधून ते उठत, खोगीर तट्टावर ठेवीत, हात घालून पाहत, पुन्हां ओट्यावर येत. पुढील बाजूस अधिक, मागें कमी. संध्याकाळपर्यंत एक गादी झाली. एवढ्या निगुतीनें केलेलें काम मीं घरांत दुसरें पाहिलें नाहीं, आणि त्यालाच आपण फालतूपणाचें नांव दिलें आहे.

आमच्या देवळ्याच्या दक्षिणेस सातमाळेची रांग आहे. तिच्यांतील कांचनबारीजवळ ऑक्टोबर १६७० मध्यें शिवाजी महाराजांची आणि दाऊदखानाची लढाई झाली. दुसऱ्यांदां सुरत लुटून महाराज परतत होते. लुटीचीं घोडीं व पायदळ पुढें काढून देऊन त्यांनीं मोगलांस तोंड दिलें, हें शाळेंत मीं पुष्कळदां शिकविलें. परंतु घाटांत चढतांना खोगीर मागें ओढलें जातें आणि उतरतांना मानेवर येतें, हें ध्यानीं घेतल्यावर तीच बारी मला निराळी दिसूं लागली. छातीचा पट्टा आणि शेपटीखालची दुमची, हीं त्या वाटेवर शोभेचीं नव्हतीं. सभासदाच्या बखरींत पागेंतील २५ घोड्यांस एक पखालजी आणि एक नालबंद असल्याचें सांगितलें आहे. खोगीर शिवणाऱ्याचें नांव इतिहासांत क्वचित् येतें. मात्र लादलेल्या घोड्याची पाठ वाटेंत फुटली असती तर त्यावरील लूट तेथेंच राहिली असती.

हीं घोडीं मोठीं नव्हतीं. भीमेच्या खोऱ्यांतील भीमथडी तट्टांची जात मराठ्यांच्या वेगाचा पाया होती. या जातीस स्वतंत्र जात म्हणून सरकारी नोंद मिळाली ती २०२४ मध्यें. धनगरांनीं ती जपली म्हणून मिळाली. ठेंगण्या, गोल पाठीच्या तट्टावर उंच परदेशी घोड्यासाठीं केलेलें खोगीर चढविणें हा आजचा एक सर्रास प्रकार आहे. तें लांबीला अधिक होऊन कंबरेवर जातें, आणि धनी त्याच्या पितळी फुल्यांकडे पाहून खूष असतो.

यांत अडाणीपणाचा दोष केवळ आपल्याकडेच आहे असें नव्हे. इंग्रजांच्या फौजेंतील पशुवैद्य फ्रेडरिक स्मिथ यांनीं १८९१ मध्यें खोगीर आणि पाठीच्या जखमा या विषयावर एक सबंध पुस्तक लिहिलें. तरीहि १८९९ ते १९०२ च्या दक्षिण आफ्रिकेंतील युद्धांत त्या फौजेचीं तीन लाखांहून अधिक घोडीं मेलीं. उपासमार, अतिश्रम आणि रोग हीं मुख्य कारणें. पण फुटलेल्या पाठींचाहि त्यांत भाग होता. पुढें १९१२ च्या लष्करी खोगिरांत पुढच्या-मागच्या कमानींचे दांडे हलते ठेवण्यांत आले, म्हणजे घोडें मोहिमेवर वाळलें तरी खोगीर कांहीं अंशीं त्याच्या पाठीशीं जुळतें घेई. आमच्या ठेलारी बाबांनीं एका वाक्यांत सांगितलेली गोष्ट ती हीच.

आतां शहरांत राहणाऱ्या श्रोत्यांस वाटेल, आमच्या दारीं घोडें नाहीं, आम्हीं हें कां ऐकावें? पण आपण मुलाबाळांसह माथेरानला जातां, महाबळेश्वरला जातां. माथेरानच्या पायवाटांवर घोडा हें आजहि चालतें वाहन आहे. मुलास वर बसविण्यापूर्वीं घोडेवाल्यास आदरानें म्हणा, "दादा, जरा हात घालून पाहूं कां?" चांगला घोडेवाला रागावत नाहीं, उलट त्याला आनंदच होतो, असा माझा अनुभव आहे. कमानीखालीं बोटें घाला. तंग पुढच्या पायाच्या कोपरापासून चार बोटें मागें आहे ना, तें पाहा. फेरी संपून खोगीर उतरलें कीं पाठीवरचा घाम पाहा. दोन्ही बाजूंस तो सारखा पसरलेला असावा. ओल्या पाठीवर मध्येंच एखादा कोरडा ठिपका दिसला तर तेथें खोगीर टेकत तरी नसावें, किंवा फार दाबत तरी असावें. बोटानें तेथें हलकेंच दाबल्यावर घोडें अंग चोरतें कीं नाहीं, यावरून दोहोंपैकीं कोणतें, तें समजतें.

आणि उंचवट्याच्या अंगाला पांढऱ्या केंसांचे ठिपके आहेत का, तेंहि पाहा. दाबानें केंसांच्या मुळांतील रंग मरतो आणि पुढें तेथें पांढरेच केंस येतात. काळ्या-लाल घोड्यावर तीं चांदण्यांसारखीं सुंदर दिसतात. विकणारे तीं शुभलक्षण म्हणूनहि सांगतात. आमच्या तट्टाच्या उंचवट्यावर असा रुपयाएवढा पांढरा ठिपका शेवटपर्यंत होता. पाहुणे विचारीत, तेव्हां वडील म्हणत, "जन्मतःच आहे." मी शेजारींच उभा असें, आणि कांहीं बोलत नसें.