खपल्यांच्या आड

बसमध्ये एखाद्याच्या कोपरावर पांढऱ्या खपल्या दिसल्या, की शेजारचा माणूस हळूच सरकून बसतो. तो सोरायसिस असेल तर हे सरकणे अगदी निष्कारण आहे. तो रोग स्पर्शाने लागत नाही. युरोपातही पूर्वी त्याची कुष्ठरोगाशी गल्लत होई. व्हिएन्नाच्या हेब्राने १८४१ साली ती निस्तरली.

मग घडते काय? निरोगी त्वचेची पेशी तळातून वर येऊन गळून पडायला सुमारे महिना घेते. इथे तोच प्रवास चारपाच दिवसांत उरकतो! ही घाई लावतात आपल्याच संरक्षक पेशींनी सोडलेली प्रथिने. त्यांत इंटरल्यूकिन-१७ हे मुख्य. त्याला अडवणारे इंजेक्शन २०१५ पासून आले आहे. महाग आहे खरे, पण अनेकांची कातडी त्याने स्वच्छ होते.

इतक्या पेशी जन्मतात नि मोडतात, म्हणून काहींच्या रक्तात यूरिक आम्लही वाढते. अन् दाह कातडीपाशीच थांबतो असे नाही. कित्येकांचे सांधे धरतात. तेव्हा सकाळी बोटे आखडत असतील तर डॉक्टरांना तेही सांगा. नुसती खपली दाखवून परतू नका.