ट्रम्पेटची मींड

ट्रम्पेट म्हटलं की आपल्याला लग्नाची वरात आठवते. खणखणीत, गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा आवाज. आज ज्या ट्रम्पेटविषयी मी बोलणार आहे, तो कानाशी येऊन कुजबुजतो.

जॉन हॅसल अमेरिकेतल्या मेम्फिसचा. जन्म 1937चा, आपल्या मिरजेचे अब्दुल करीम खाँसाहेब गेले, त्याच वर्षीचा. जर्मनीत त्यानं संगीतकार श्टॉकहाउझनकडे आधुनिक संगीताचे धडे घेतले. पण वाट सापडली ती खाँसाहेबांच्याच किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ भेटल्यावर. सत्तरच्या दशकात तो त्यांच्यापुढे गाणं शिकायला बसला आणि गळ्यावर चढलेलं पितळेत उतरवू लागला.

हे किती कठीण! ट्रम्पेटला कळा तीनच. कळ दाबली की नळीची लांबी वाढते आणि सूर अर्धा, एक किंवा दीड स्वर खाली येतो. म्हणजे पायऱ्या ठरलेल्या. गाण्यातल्या मींडेला पायऱ्या चालत नाहीत, तिला घसरण लागते. म्हणून हॅसल कळ अर्धवट दाबायचा, फुंकर अगदी हलकी ठेवायचा. हवा अडखळते, सूर घोगरा होतो, पण दोन स्वरांमधली बंद वाट उघडते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते वाद्य वाटलंच नाही. कुणी बाई दम धरून आलाप घेते आहे असं वाटलं.

1980 साली संगीतकार ब्रायन ईनोबरोबर त्यानं ‘फोर्थ वर्ल्ड, व्हॉल्यूम 1: पॉसिबल म्युझिक्स’ हा अल्बम केला. ट्रम्पेटचा आवाज हार्मोनायझर नावाच्या यंत्रातून जातो आणि एका सुरामागं त्याच्याच सावल्या चालू लागतात. खाली ईनोचा सिंथेसायझर. कुणी त्याला नुसती सजावट म्हणेल; मला ते पटत नाही. तो तिथं तंबोऱ्याचं काम करतो. स्वतः काही सांगत नाही, पण तो नसेल तर वरचा सूर उघडा पडेल. आणि सोबतीला आपला घटम आहे!

तबकडीची दुसरी बाजू सगळी ‘चार्म’ या एकाच रचनेची, एकवीस मिनिटांची. रात्री घर निजल्यावर लावा, आवाज बेताचा ठेवा. ऐकता ऐकता ट्रम्पेट कुठं थांबला आणि मागं सिंथेसायझर कुठं उरला, हे मला अजून कानानं वेगळं करता आलेलं नाही.