पटाच्या तोंडाशी अडणारा बैल
(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर आणि कर्जावर बोलणारे माझ्या आधी बोलून गेले, पुढेही बोलतील. मला सांगितले आहे की तू बैलावर बोल. मी काही जनावरांचा डॉक्टर नाही. बारा एकर कोरडवाहूचा धनी आणि वीस वर्षांचा धुरकरी, एवढीच माझी लायकी. पण एका बैलाने मला जे शिकवले ते तुमच्या कामाचे आहे, म्हणून उभा राहिलो.

माझ्या जोडीत भुऱ्या आणि पाखऱ्या. शेतातल्या वाटेवर छकडीला जुंपले की वाऱ्यासारखे निघत. २०२३ च्या जानेवारीत त्यांना शंकरपटात नेले. भुऱ्या उभा राहिला. पाखऱ्याने मात्र मैदानाच्या तोंडाशीच मान वर टाकली, डोळ्यांचे पांढरे दिसू लागले, शेण पातळ झाले आणि त्याने बसकण मारली. लोक हसले. मला लाज वाटली आणि लाज वाटलेला माणूस जे करतो तेच मी केले. शेपूट पिळली, तुतारी टोचली. पाखऱ्या उठला तो जू मोडून गर्दीत घुसला. माझ्या पुतण्याचा पाय त्यात मोडला. सकाळी जोडीचे ऐंशी हजार सांगणारा व्यापारी संध्याकाळी पंचेचाळीस म्हणू लागला.

भावांनो, तुतारी नियमाने बंद आहे हे मला माहीत होते. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी या शर्यतींवर बंदी आणली. महाराष्ट्राने २०१७ साली कायदा बदलला, १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने शर्यतींना अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो कायदा कायम ठेवला. परवानगी मिळाली ती बैलाला छळणार नाही या बोलीवर. ती बोली मोडणारा आपल्या हाताने पुन्हा बंदी मागतो. पण आज मला कायदा सांगायचा नाही. मला हे सांगायचे आहे की तुतारीने कामही होत नाही.

बंदीच्या त्या साडेसात वर्षांत बैलांची अख्खी पिढी गर्दी, भोंगा, हलगी न पाहता मोठी झाली. पाखऱ्या त्यातलाच. त्याला आपण एका दिवसात हजारो माणसांत उभे केले आणि म्हणालो, हा बैल नाठाळ आहे. नाठाळ कोण होते?

जोडी विकायचीच, असे मी ठरवले होते. तेव्हा आमची घरची म्हणाली, ‘तो पटाला भीत नाही, टेम्पोला भीतो. तुम्ही फळका पाडला की गोठ्यातच त्याचे शेण पातळ होते.’ मी पाहिले तर खरेच. टेम्पोत चढला की पुढे काय होते, हे त्याला पाठ झाले होते. टेम्पो, मग मैदान, मग आरडाओरडा, मग टोचणी. सुटका फक्त घरी आल्यावर. मग त्याने मैदानात पाऊल का टाकावे?

ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेत टेक्सास नावाचे राज्य आहे. तिथेही पावसावरचा कापूस आणि ज्वारी पिकते. तिथे घोड्यांची एक शर्यत असते, तिला बॅरल रेसिंग म्हणतात. मैदानात तीन पिंपे तिकोनात ठेवलेली, घोड्याने तिन्हींना वळसा घालून सुसाट बाहेर यायचे. सारा खेळ पंधरा-सतरा सेकंदांचा. यात बहुतेक स्वार बाया असतात. १९४८ साली टेक्सासातल्या सॅन अँजेलो गावी या बायांनी आपली संघटना उभी केली. त्यांचीही मोठी डोकेदुखी हीच, की चांगला घोडा फाटकाशी अडतो, दोन पायांवर उभा राहतो, मागे फिरतो. जाणत्या स्वारांनी कारण ओळखले. घोडा जेव्हा जेव्हा त्या फाटकातून आत गेला, तेव्हा तेव्हा त्याला जीव तोडून पळावे लागले. म्हणून त्या काय करतात? घोड्याला रिकाम्या मैदानात नेतात, चालत आत, चालत बाहेर. पिंपांभोवती नुसते पायी फिरवतात. आत नेऊन उभे करतात, विसावा देतात. दहा वेळा आत गेल्यावर एखाद्याच वेळी पळवतात. आणि त्याआधी दात, पाठ, खूर, खोगीर तपासतात. शर्यतीच्या घोड्यांना पोटात व्रण होणे सर्रास आढळते. दुखणाऱ्या जनावराला शिकवण देऊन उपयोग नाही.

मी तेच बैलावर केले. काय केले ते क्रमाने सांगतो.

पहिले, दुखणे पाहिले. जनावरांच्या डॉक्टरांना बोलावले. जुवाखाली खांदा सोलला होता, वेसणीची जखम आत चिघळली होती. महिनाभर जू लावले नाही.

दुसरे, टेम्पोची भीती काढली. टेम्पो अंगणात उभा केला, फळका पाडला आणि त्यावर ढेप ठेवली. पहिले चार दिवस तो जवळ आला नाही. आम्ही ओढले नाही. पाचव्या दिवशी पुढचे दोन पाय ठेवले. तिथेच कासरा ढिला सोडला. ही खरी किल्ली आहे. जनावराने एक पाऊल टाकले की ताण त्याच क्षणी सोडायचा. पाऊल टाकल्यावरही ओढत राहिलात तर पाऊल टाकण्यात त्याचा फायदा काय?

तिसरे, रिकाम्या मैदानात नेले. जू नाही, छकडी नाही. सोबत भुऱ्या, कारण बैल कळपाचे जनावर आहे, शांत सोबती असला की धीर येतो. तिथेच कडबा टाकला, तिथेच पाणी पाजले. दोघे बसले, रवंथ करू लागले की घरी आणायचे. रवंथ करणारा बैल भ्यालेला नसतो, ही खूण लक्षात ठेवा. घाबरलेला असताना परत आणायचे नाही. नाहीतर घाबरले की घर मिळते, हे तो शिकतो.

चौथे, गर्दी थोडी थोडी वाढवली. आधी घरची चार माणसे, मग गावची पोरे, मग दुरून हलगी. बैलाला दोन्ही बाजूंचे आणि बरेच मागचेही दिसते, पण खोली नीट कळत नाही. जमिनीवरची सावली त्याला खड्डा वाटते, फडफडणारे कापड अंगावर आल्यासारखे वाटते. म्हणून झंडी आधी दुरून दाखवली, मग जवळून.

पाचवे, घाई सोडली. डॉ. टेम्पल ग्रँडिन या अमेरिकेतल्या पशुशास्त्रज्ञ बाईंनी जन्मभर गुरांच्या वागण्याचा अभ्यास केला. त्या सांगतात की भेदरलेले जनावर पुन्हा शांत व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात. आपण दोन मिनिटांत त्याला पुन्हा जुंपतो आणि म्हणतो ऐकत नाही. आता मी पटाच्या ठिकाणी तीन तास आधी पोचतो, सावलीत बांधतो आणि नंबर लागेपर्यंत पायी फिरवतो.

या सगळ्याला आठ महिने लागले. खर्च फारसा नाही, पण रोजचा तास-दीड तास जातो आणि धीर लागतो. पुढच्या हंगामात पाखऱ्या मैदानाच्या तोंडाशी आला, कान टवकारले, एक क्षण थांबला. माझा हात खिशाकडे गेला, जुनी सवय. पण खिशात काही नव्हते. मी कासरा ढिला केला आणि उभा राहिलो. मागचे लोक ओरडत होते, हाक, हाक. मी हाकले नाही. पाखऱ्याने मान खाली केली आणि चालत आत गेला.

बक्षीस मिळाले नाही, हे सांगून टाकतो. आमच्याहून वेगाने धावणाऱ्या जोड्या पुष्कळ होत्या. पण त्याच हंगामात कापसाची बंडी घेऊन जिनिंगच्या फाटकावर चार तास उभा होतो. पुढे ट्रॅक्टर, मागे ट्रक, कर्णकर्कश भोंगे. पाखऱ्या रवंथ करत उभा होता. मी बंडीखाली निजलो. माझे खरे बक्षीस ते. आपल्यातले किती जण बुजऱ्या बैलाखाली सापडून जायबंदी झाले, हे या मांडवात बसलेल्यांना सांगायला नको.

आणखी एक. पुतण्याचा पाय जुळला, पण तो अजून लंगडतो. तो म्हणतो, काका, बैलाची चूक नव्हती. मलाही ते कळते, पण कळायला त्याचा पाय मोडावा लागला.

तेव्हा मायबापहो, या मेळाव्यातून एवढेच घेऊन जा. वासरू अंगणात आहे तोवर त्याला माणूस, बंडी, आवाज यांची ओळख करून द्या. बैल अडला तर आधी खांदा, वेसण, खूर पाहा. मग तो कुठे पहिल्यांदा भ्याला ते शोधा, आणि हे घरातल्या बाईला विचारा, कारण गोठ्यात शेण काढणारीला ते आधी कळते. आणि तुतारी घरी ठेवू नका, मोडून चुलीत घाला. मी घातली.