उन्हांत विटणारे सौरघट



हळदीचा डाग साबणानें जात नाहीं. उलट तो तांबडा होऊन अधिकच उठून दिसतो. परंतु तेंच वस्त्र एक-दोन दिवस कडक उन्हांत वाळत घातलें म्हणजे डाग आपोआप फिका पडतो, हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. हळदीचें रंगद्रव्य ऊन शोषून घेतें आणि त्या शोषणानेंच मोडतें. ज्या पदार्थाचें कामच ऊन शोषण्याचें, त्याच्यावर ऊन असें उलटूं लागलें तर काय करावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

गेल्या वर्षीं आमच्या घरीं गच्चीवर सौर पॅनेलें बसविण्याचा विचार निघाला. धाकटा मुलगा म्हणाला, "अण्णा, आतां पेरोव्स्काइटचे नवे, स्वस्त सौरघट निघाले आहेत. थोडें थांबूं या." मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला जुना शिक्षक. तथापि पैसे माझ्या साठविलेल्या पुंजींतून जावयाचे होते. म्हणून थांबावें कीं थांबूं नये, हें स्वतः समजून घेण्याचें मीं ठरविलें.

पेरोव्स्काइट हें मूळचें एका खनिजाचें नांव. उरल पर्वतांत सांपडलेल्या या खनिजाचें वर्णन गुस्टाव्ह रोझे या जर्मन शास्त्रज्ञानें १८३९ सालीं केलें आणि पेरोव्स्की या रशियन सरदाराचें नांव त्यास दिलें. सौरघटांतील पदार्थ तें खनिज नव्हे. अणूंची मांडणी मात्र तीच. शिसें आणि आयोडीन यांचा पिंजरा, व त्या पिंजऱ्यांत मेथिल अमोनियमसारखा एक लहानसा सेंद्रिय कण, अशी ही रचना आहे. जपानांतील त्सुतोमु मियासाका यांच्या सहकाऱ्यांनीं २००९ सालीं यापासून सौरघट केला, तेव्हां पडलेल्या उन्हापैकीं ३.८ टक्केच वीज मिळाली. आज प्रयोगशाळेंतील लहान घटांत हें प्रमाण २६ टक्क्यांवर गेलें आहे. सिलिकॉन वितळविण्यास १४०० अंशांहून अधिक उष्णता लागते; पेरोव्स्काइटचा अर्धा मायक्रॉन जाडीचा थर द्रावण पसरून शंभर अंशांच्या आसपास तयार होतो. मुलाचा उत्साह अगदींच निराधार नव्हता.

आतां दुसरी बाजू पाहूं. प्रकाश पडला कीं या थरांत इलेक्ट्रॉन मोकळे होतात. ते तारेंत गेले तर वीज मिळते. परंतु थरांत प्राणवायु शिरलेला असेल, तर मोकळा इलेक्ट्रॉन त्याच्या रेणूस चिकटतो आणि सुपरऑक्साइड नांवाचा अत्यंत जहाल कण बनतो. हा कण मेथिल अमोनियमचा हायड्रोजन हिरावून घेतो, उरलेलें मेथिल अमाइन वायुरूपानें उडून जातें, पिंजरा कोसळतो, आणि काळसर थराच्या जागीं पिवळें लेड आयोडाइड उरतें. लंडनच्या इंपीरियल कॉलेजांतील संशोधकांनीं ही क्रिया २०१५ सालीं दाखवून दिली. कोरडा प्राणवायु अंधारांत या थराचें फारसें कांहीं बिघडवीत नाहीं. प्रकाश व प्राणवायु एकत्र आले म्हणजेच घात होतो. इलेक्ट्रॉन जितक्या त्वरेनें तारेंत ओढून घ्यावे, तितका हा नाश मंदावतो. म्हणूनच वीज देत असलेल्या घटापेक्षां उन्हांत नुसता उघडा पडलेला, तार न जोडलेला घट बहुधा लवकर बिघडतो.

दुसरी विकृति याहून चमत्कारिक आहे. घटास जांभळ्या-निळ्या बाजूचा प्रकाश अधिक चांगला वापरतां यावा म्हणून आयोडीनमध्यें ब्रोमीन मिसळतात. या मिश्रणावर प्रकाश पडला कीं आयोडीनचे कण एकीकडे व ब्रोमीनचे दुसरीकडे सरकूं लागतात. आयोडीनबहुल ठिकाणीं विद्युद्भार अडकून पडतो आणि घटाचा दाब घसरतो. अंधारांत ठेवलें कीं हीं दोन्हीं पुन्हां मिसळतात! अमेरिकेंतील स्टॅनफर्ड येथील संशोधकांनीं ही गोष्ट २०१५ सालीं प्रसिद्ध केली.

तिसरें कारण घटाच्या शेजाऱ्याचें. पुष्कळ घटांत पेरोव्स्काइटखालीं टायटॅनियम ऑक्साइडचा थर असतो. जंबुपार किरण पडले कीं तो स्वतःच क्रियाशील होतो आणि लगतच्या थरास बिघडवितो.

उपाय निघाले आहेत. नाजूक मेथिल अमोनियमऐवजीं फॉर्मामिडिनियम आणि सीझियम घालतात. टायटॅनियम ऑक्साइडच्या जागीं कथलाचें ऑक्साइड वापरतात. दोन कांचांमध्यें घट ठेवून कडा घट्ट बंद करतात, कीं हवा व ओल आंत जाऊं नये. ऑक्सफर्ड पीव्ही या कंपनीनें सिलिकॉनवर पेरोव्स्काइटचा थर दिलेलीं पॅनेलें २०२४ सालीं ग्राहकाकडे धाडलीं, इतकी मजल गेली आहे.

परंतु येथें श्रोत्यांनीं एक हिशेब अवश्य करावा. अमुक घट पूर्ण प्रकाशांत एक हजार तास टिकला, अशी वार्ता आपण वाचतों व आंकडा मोठा वाटतो. आपल्याकडील गच्चीवर तितकें पूर्ण ऊन सुमारें सहा महिन्यांत पडतें. सिलिकॉनच्या पॅनेलांस बहुधा पंचवीस वर्षांची हमी मिळते. म्हणजे पन्नास हजार तासांच्या जवळपास. हजार आणि पन्नास हजार यांतील अंतर जाहिरातीनें भरून निघत नाहीं, परीक्षेनेंच भरून निघतें. शिवाय घटांत शिसें आहे. तें चौरस मीटरास एक ग्रॅमहूनहि कमी असलें, तरी हीं संयुगें पाण्यानें मोडतात व त्यांतील शिसें विरघळूं शकतें. कांच फुटल्यास पावसाचें पाणी कोठें जाईल, याचा विचार आधींच व्हावयास हवा.

मीं मुलास हा हिशेब कागदावर मांडून दाखविला. त्यानें तो दोनदां तपासला, आणि आम्हीं सिलिकॉनचीं पॅनेलें बसविलीं. माझी साठी उलटली आहे. त्यांची हमी संपेल तेव्हां वीज मोजावयास मी असेनच असें नाहीं. म्हणूनच घाईनें घेतलेल्या वस्तूची दुरुस्ती मुलांच्या माथीं मारणें मला बरें वाटेना. नव्या घटांविषयीं माझें मन कलुषित मुळींच नाहीं. ते एक दिवस उन्हांत टिकूं लागतील अशी मला आशा आहे. तोंवर कोणी नवा घट दाखवावयास आला, तर वीज किती देतो हें विचारून थांबूं नका. उन्हांत किती वर्षें ठेवून पाहिला, हेंहि विचारा.