एकाच मांडवातली भांडणं



२००८ साली मी अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात नोकरीला होते. व्हिसावर होते, त्यामुळे मताचा अधिकार नव्हता. कदाचित म्हणूनच त्या वर्षीचं डेमोक्रॅटिक पक्षातलं भांडण मी रोज रात्री जेवण झालं की निवांत वाचत बसायचे. बराक ओबामा विरुद्ध हिलरी क्लिंटन. दोघं एकाच पक्षाचे. दोघांनाही इराकमधून सैन्य परत आणायचं होतं. आरोग्यविम्याची योजना दोघांकडेही होती. हिलरींच्या योजनेत विमा सगळ्यांना सक्तीचा, ओबामांच्या योजनेत फक्त मुलांसाठी सक्तीचा. खरा मोठा फरक एकच होता. २००२ साली हिलरींनी सिनेटमध्ये इराक युद्धाला परवानगी देणारं मत दिलं होतं आणि ओबामांनी तेव्हा, राज्याच्या विधिमंडळात असताना, त्या युद्धाविरुद्ध भाषण केलं होतं. तेवढा एक सोडला तर बाकी सगळं ‘मी पण तेच म्हणतोय’ या जातीचं. आणि तरीही त्यांचे समर्थक एकमेकांना जे बोलले, ते त्यांनी रिपब्लिकनांनासुद्धा कधी ऐकवलं नसेल.

आधी दोन शब्द पद्धतीबद्दल. आपल्याकडे तिकीट वरून येतं. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीआधी काँग्रेसने मोजक्या मतदारसंघांत कार्यकर्त्यांच्या मतदानातून उमेदवार निवडायचा प्रयोग केला होता. वडोदऱ्याच्या श्रोत्यांना आठवत असेल, तिथे अशा मतदानातून निवडलेल्या उमेदवाराने नंतर माघार घेतली आणि पक्षाने दुसरा दिला. अमेरिकेत मात्र उमेदवार कोण हे पक्षाचे साधे मतदार ठरवतात, राज्याराज्यांत, पाळीपाळीने. २००८ मध्ये हे ३ जानेवारीला आयोवात सुरू झालं आणि ३ जूनला संपलं. पाच महिने! घरातलं भांडण एका रात्रीत मिटलं नाही तर काय होतं ते आपल्याला माहीत आहे. इथे दर आठवड्या-पंधरवड्याला कुठल्यातरी राज्यात मतदान, आणि दर वेळी भांडणाला नवं निमित्त.

मी जिथे हे सगळं वाचत होते ते ठिकाण म्हणजे ‘डेली कोस’. मार्कोस मुलित्सास नावाच्या, एकेकाळी सैन्यात असलेल्या माणसाने ते २००२ मध्ये सुरू केलं. बुश यांच्या काळात हताश झालेले डेमोक्रॅट तिथे जमत. २००७ च्या उन्हाळ्यात या लोकांचा शिकागोत मेळावा भरला, तेव्हा पक्षातले बहुतेक इच्छुक उमेदवार तिथे हजेरी लावून गेले. इतकं वजन होतं. आता तिथली व्यवस्था नीट ऐका, कारण माझ्या मते सगळी गोम तिच्यात आहे. कुठलाही सभासद लेख लिहू शकत असे; त्याला डायरी म्हणत. वाचक शिफारस करत. ज्या डायरीला जास्त शिफारशी, ती पानाच्या बाजूच्या यादीत चढे आणि सगळ्यांना दिसे. प्रतिक्रियांसाठी आणखी एक सोय होती. जुन्या, विश्वासातल्या सभासदांना एखाद्या प्रतिक्रियेवर ‘हा ट्रोल आहे’ असा शिक्का मारता येई. असे पुरेसे शिक्के पडले की ती प्रतिक्रिया साध्या वाचकाला दिसेनाशी होई.

ही सोय कोणासाठी होती? बाहेरून येऊन धिंगाणा घालणाऱ्या रिपब्लिकनांसाठी. सोसायटीच्या गेटवर वॉचमन ठेवावा तशी. तो परक्याला अडवत होता तोवर सगळे खूश होते. पण सोसायटीतच ए विंग आणि बी विंगचं फाटलं, आणि बी विंगवाले संख्येने जास्त निघाले, तर वॉचमन काय करणार? फेब्रुवारीपर्यंत तिथे ओबामांच्या बाजूच्यांचं स्पष्ट बहुमत झालं होतं. हिलरींच्या बाजूने लिहिणाऱ्यांची तक्रार अशी की, आमचं लिखाण यादीत चढत नाही, आमच्या प्रतिक्रियांवर शिक्के पडतात आणि आम्हाला आमच्याच घरात उपरं ठरवलं जातं. गंमत म्हणजे नियमाचं एक अक्षरही बदललं नव्हतं. शिक्का मारणारा प्रत्येक जण मनापासून समजत होता की आपण झाडलोट करतोय.

१४ मार्चला टोपणनावाने लिहिणाऱ्या एका सभासद बाईंनी जाहीर केलं की आपण संपावर जातोय, आणखी कोणाला यायचं असेल त्यांनी यावं. बरेच जण गेले. वर्तमानपत्रांत बातमी आली. संस्थापकांनी उत्तर दिलं की याला संप म्हणत नाहीत, बहिष्कार म्हणतात. शब्दकोशाच्या दृष्टीने त्यांचं बरोबर होतं. पण दुखावलेल्या माणसाला व्याकरण शिकवून कोणी परत आल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही. निघून गेलेले जिथे जमले तिथे बहुमत त्यांचं होतं, आणि थोड्याच दिवसांत तिथले ओबामा समर्थक नेमकी हीच तक्रार करू लागले.

एवढं लागलं का? माझ्या ऑफिसात साठीच्या घरातल्या एक गोऱ्या बाई होत्या आणि चाळिशीतला एक कृष्णवर्णीय सहकारी होता. दोघं २००४ पासून त्या ठिकाणचे रोजचे वाचक, जॉन केरी हरले तेव्हा एकत्र हळहळलेले. दुपारचा डबा आम्ही तिघं एकाच टेबलावर खायचो. बाई सांगायच्या की सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला नवऱ्याची सही नाही म्हणून बँकेने त्यांना क्रेडिट कार्ड नाकारलं होतं. तसं करायला कायद्याने बंदी आली ती १९७४ मध्ये. सहकाऱ्याची आई मिसिसिपीची. तिचं नाव मतदार यादीत लागलं ते १९६५ चा मताधिकार कायदा झाल्यानंतर. आता सांगा, यातल्या कोणाला म्हणायचं की तुमचा ‘पहिला’ थोडा थांबू दे?

जानेवारीत न्यू हॅम्पशायरमधल्या सेलम गावी हिलरींच्या सभेत दोन तरुण ‘माझ्या शर्टाला इस्त्री कर’ असा फलक घेऊन उभे राहिले. बाईंना तो फलक स्वतःसाठी वाटला. मार्चमध्ये जेराल्डीन फेरारो म्हणाल्या की ओबामा गोरे असते तर आज या जागी नसते. फेरारो म्हणजे साधी बाई नव्हे. १९८४ मध्ये मोठ्या पक्षाकडून उपाध्यक्षपदासाठी उभी राहिलेली पहिली स्त्री. त्यांना हिलरींच्या प्रचारातलं पद सोडावं लागलं. माझ्या सहकाऱ्याला ते वाक्य स्वतःसाठी वाटलं. धोरणात फरक कमी असला की वाद घालायला माणसाचा स्वभाव तेवढा उरतो. आधी उमेदवाराचा, मग त्याच्या समर्थकांचा, मग समोर डबा उघडून बसलेल्याचा. एप्रिलमध्ये ते दोघं वेगवेगळ्या टेबलांवर बसायला लागले. भांडण झालं नाही, आवाज चढला नाही. दोघांनीही दुसऱ्याने रात्री टोपणनावाने काय लिहिलंय ते वाचलं होतं, एवढंच.

मग भांडण नियमांवर आलं, आणि तिथे ते सर्वांत कडू झालं. मिशिगन आणि फ्लोरिडा या राज्यांनी पक्षाचा नियम मोडून मतदान लवकर घेतलं होतं. शिक्षा म्हणून पक्षाने त्यांचे सगळे प्रतिनिधी रद्द केले. प्रमुख उमेदवारांनी तिथे प्रचार करणार नाही असं लिहून दिलं. मिशिगनच्या मतपत्रिकेवर ओबामांचं नावच नव्हतं. दोन्हीकडे हिलरी पुढे राहिल्या. फ्लोरिडात तर १७ लाखांहून जास्त लोकांनी मत दिलं होतं. हिलरींची बाजू म्हणू लागली, प्रत्येक मत मोजा. ओबामांची बाजू म्हणाली, खेळ सुरू झाल्यावर नियम बदलत नाहीत. दोन्ही तत्त्वं खरी, आणि दोन्ही आपापल्या सोयीची. राज्यं उलटी गेली असती तर दोघांनी घोषणांची अदलाबदल केली असती, याबद्दल मला शंका नाही.

३१ मे रोजी वॉशिंग्टनच्या एका हॉटेलात पक्षाच्या नियम समितीची बैठक दिवसभर चालली, टीव्हीवर थेट. निकाल असा: दोन्ही राज्यांच्या प्रतिनिधींना अर्धं अर्धं मत, आणि मिशिगनचे प्रतिनिधी ६९ विरुद्ध ५९ असे वाटलेले. तिथे जमलेले हिलरी समर्थक ‘डेन्व्हर, डेन्व्हर’ असं ओरडले, म्हणजे आता ऑगस्टच्या अधिवेशनातच बघून घेऊ. पुढे ऑगस्टमध्ये, निकाल कधीच लागून गेल्यावर, दोन्ही राज्यांना पूर्ण मतं परत मिळाली. तेव्हा त्यावर कोणी हूं की चूं केलं नाही.

इथे मला सुरत आठवतं. डिसेंबर १९०७. काँग्रेसचं अधिवेशन नागपूरला व्हायचं होतं, ते सुरतला हलवलं. अध्यक्ष कोण, रासबिहारी घोष की लाला लजपत राय, यावरून मवाळ-जहाल ताणलेले. अध्यक्षाच्या निवडीवर बोलायचं आहे अशी लेखी सूचना टिळकांनी दिली होती. बोलू दिलं नाही. ते व्यासपीठावर जाऊन उभे राहिले, आणि मग कोणाचा तरी जोडा भिरभिरत आला तो सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि फिरोजशहा मेहतांना लागला. जोडा दख्खनी होता यावर बहुतेकांचं एकमत आहे. बाकी कशावरच नव्हतं. दोन्ही गट पुन्हा एकत्र आले ते १९१६ मध्ये, लखनौला. मतभेद होतेच, पण मांडव मोडला तो हरणाऱ्याला बोलू द्यायचं की नाही या प्रश्नावर.

डेन्व्हरला ते टळलं. ७ जूनला हिलरींनी माघार घेऊन ओबामांना पाठिंबा दिला. पण पाठिंब्याच्या भाषणाने राग जात नाही. तोवर ‘एकजूट गेली खड्ड्यात’ अशा अर्थाचं नाव घेऊन एक गट उभा राहिला होता, आणि मे महिन्यात काही राज्यांतल्या मतदानोत्तर पाहण्यांत हिलरींच्या जवळपास निम्म्या मतदारांनी नोव्हेंबरमध्ये ओबामांना मत द्यायची तयारी दाखवली नव्हती. २७ ऑगस्टला अधिवेशनात राज्यवार पुकारा सुरू झाला. हिलरींच्या प्रतिनिधींना हिलरींना मत देऊ दिलं. ती मतं मोजली गेली, नोंदली गेली. न्यूयॉर्कची पाळी आली तेव्हा हिलरी स्वतः सभागृहात उभ्या राहिल्या आणि ओबामांची निवड आवाजी एकमताने करावी असा प्रस्ताव मांडला. नोव्हेंबरच्या मतदानोत्तर पाहणीत डेमोक्रॅट म्हणवणाऱ्यांपैकी ८९ टक्क्यांनी ओबामांना मत दिल्याचं दिसलं. ऑफिसातल्या बाईही त्यांत होत्या. डेली कोसवर मात्र त्या परत गेल्या नाहीत. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे उमेदवाराला माफ करणं सोपं होतं.

२०१६ मध्ये पुन्हा तेच, हिलरी विरुद्ध बर्नी सँडर्स. या वेळी मुलित्सास यांनी आधीच तारीख जाहीर केली: १५ मार्चनंतर आघाडीच्या उमेदवारावर द्वेषाने तुटून पडणं इथे चालणार नाही. तारीख ठरली हे चांगलं झालं. पण ती सँडर्स शर्यतीत असतानाची होती, आणि त्यांच्या लोकांना ती तोंड दाबल्यासारखी वाटली. जुलैत पक्ष कार्यालयाच्या हजारो ईमेल विकिलीक्सने बाहेर काढल्या. पक्षाच्या अध्यक्षांना पद सोडावं लागलं, कारण कार्यालयातली मंडळी सँडर्सच्या विरोधात होती हे त्यांत दिसत होतं. पुढे २०१८ मध्ये अमेरिकन सरकारने दाखल केलेल्या आरोपपत्रांत रशियन लष्करी गुप्तचरांवर त्या चोरीचा आरोप आला. सेंट पीटर्सबर्गच्या एका कंपनीतल्या पगारी लिहिणाऱ्यांना हिलरींवर टीका करा आणि सँडर्स व ट्रम्प यांना सोडा अशी सूचना होती, हेही त्यांत आलं. भिंतीला भेग त्यांनी पाडली नव्हती. ती आधीच होती. त्यांनी तिच्यात पहार घातली. नंतरच्या एका मोठ्या सर्वेक्षणात सँडर्सच्या मतदारांपैकी सुमारे १२ टक्क्यांनी ट्रम्पना मत दिल्याचं आढळलं.

सँडर्स समर्थकांची सर्वांत जुनी तक्रार सुपरडेलिगेटांविरुद्ध होती. हे पक्षाचे शेकडो पुढारी, कुठल्याही मतदाराला न बांधलेले, आणि तरी उमेदवार निवडताना मत देणारे. २००८ मध्येही याच लोकांवरून रात्र-रात्र वाद चालायचे. ऑगस्ट २०१८ मध्ये शिकागोला पक्षाच्या राष्ट्रीय समितीची बैठक झाली आणि ठरलं की चुरस असेल तर पहिल्या फेरीत सुपरडेलिगेटांनी मत द्यायचं नाही. त्या समितीचे सदस्य स्वतःच सुपरडेलिगेट होते. त्यांनी आपलाच अधिकार कापून घेतला, हरलेल्या बाजूच्या मागणीवरून, आणि तेही दोन वर्षांनी, जेव्हा त्यांच्यावर कॅमेरे फारसे रोखलेले नव्हते.

आता तुमचे प्रश्न घेऊ. इंदूर आणि हैदराबादहून आधीच हात वर झालेले दिसतायत.