कोल्हेकुईची नोंदवही

तिन्हीसांजेला खाडीकाठच्या तिवरांतून एक कोल्हा सूर लावतो, पलीकडून दुसरा साद देतो. पालघर किनारपट्टीवर हा आवाज जुनाच. पण कोल्हा म्हणजे खोकड नव्हे. खोकड अंगाने लहान, मोकळ्या माळावर रमणारं. कोल्ह्याला मात्र कांदळवनही मानवतं.

या लाजऱ्या प्राण्याची पाहणी करायची कशी? आधी ओहोटीनंतरचा ओला चिखल बघायचा. चार बोटं आणि पुढे नखांच्या खुणा दिसल्या, तर तो मांजरकुळातला नाही, कारण मांजर चालताना नखं आत ओढतं. पण गावातला कुत्राही असाच ठसा उमटवतो! म्हणून विष्ठाही तपासतात. तिच्यात खेकड्याचं कवच, बोरांच्या बिया सापडतात. मग भरतीचं पाणी पोहोचणार नाही अशा बेताने खोडाला स्वयंचलित कॅमेरा बांधतात. वाघ पट्ट्यांवरून ओळखता येतो, कोल्हा तसा ओळखू येत नाही. त्यामुळे किती कोल्हे यापेक्षा किती ठिकाणी कोल्हे, हा हिशेब भरवशाचा.

अशा पाहणीत चिकाटीचं फळ मिळतंच. शतकभर हरवलेला रानपिंगळा हा पक्षी १९९७ साली नंदुरबार भागात पुन्हा दिसला आणि २०१४ मध्ये तानसा अभयारण्यातही.

कोल्ह्याला आता कायद्याचंही संरक्षण आहे: वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीने तो पहिल्या अनुसूचीत आला आहे. जखमी दिसला तर हात लावू नका. वनविभागाला १९२६ वर कळवा.